शेतकरी आजीचे चरित्र लिहिताना जन्मसाल कसे ठरवावे, आणि सातबाऱ्यावर तिला कुठे शोधावे?

माणगंगाकाठ यांचा प्रश्न

माझ्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, चरित्र लिहून काढायचे मी मनावर घेतले आहे. ते छापून विकायचे नाही. तिच्या पाचही लेकरांच्या घरी एकेक प्रत असावी, एवढाच हेतू आहे. आजीला आता कमी ऐकू येते, गुडघ्यांनी साथ सोडली आहे; पण जुने सगळे तिला लख्ख आठवते आणि उत्तरा नक्षत्राचा पाऊस लांबला की ती अजूनही घरातल्या प्रत्येकाला ज्वारीच्या पेरणीचे विचारत राहते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आजीचे माहेर आटपाडीकडचे, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातले, आणि सासर खानापूर तालुक्यातले, म्हणजे ब्रिटिश मुलखातले. दोन्ही गावांत बैलगाडीने एका दिवसाचेही अंतर नाही, तरी सासरी तिला कित्येक वर्षे ‘संस्थानातली’ म्हणत. आजोबा १९६४ साली वारले. त्या वेळी थोरली आत्या तेरा-चौदा वर्षांची होती आणि धाकटे काका अंगावर पीत होते. अकरा एकर जिराईत रान, एक विहीर आणि खिलारी बैलांची एक जोडी एवढ्यावर आजीने पाच मुले वाढवली. गडी ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून ती स्वतः मोट हाकायची. नाड्यावर बसून बैलांबरोबर धावेवरून खाली जायचे, मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल मागे सरकवत पुन्हा वर यायचे, हे काम बायकांनी करण्याची आमच्या भागात पद्धत नव्हती. गावात बरेच दिवस त्याची चर्चा झाली, असे आत्या सांगते. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, बैल विकावे लागले आणि आजी थोरल्या आत्याला घेऊन खडी फोडायला गेली. पुढे थोरले काका मुंबईला गिरणीत लागले, धाकटे काका विट्याकडच्या इतर पोरांप्रमाणे सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात तमिळनाडूत गेले आणि माझे वडील शेतावर राहिले. दोन्ही आत्या तालुक्यातच दिल्या आहेत.

आता अडचणी. आजीच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९३० ही जन्मतारीख आहे, थोरले काका ती सत्त्याण्णव वर्षांची असल्याचे सांगतात, आणि तिला स्वतःला विचारले तर ती म्हणते, “माझं लगीन झालं तवा मला न्हाण आलं नव्हतं. पयल्या संक्रातीला म्हायेरी गेलते आन् तितंच गांधीबाबाला मारल्याचं कळलं.” यातून वर्ष कसे धरावे?

दुसरे असे की, आजच्या सातबाऱ्यावर वडील आणि दोन्ही काका यांची नावे भोगवटादार म्हणून आहेत आणि आजीचे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात एका ओळीत आहे. ज्या बाईने तीस वर्षे ती जमीन कसली, तिचे नाव मालकीच्या जागी कधी होते की नव्हतेच, हे मला कागदावर पाहायचे आहे. आमच्या भागातील कार्यालयात चौकशी केली, तर ‘एवढे जुने मिळत नाही’ या एका वाक्यात विषय संपला.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. दोन्ही आत्यांनी पुढे हक्कसोड करून दिली, त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आणि आजीची तीन मुले लहानपणीच गेली, त्यांची नावेही आमच्या पिढीला माहीत नाहीत. हे लिहावे का आणि लिहायचे तर कसे, यावर अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

जुने दप्तर यांचे उत्तर

मी महसूल खात्यात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सातबारा हा आजची स्थिती दाखवणारा उतारा आहे. ती स्थिती कशी आली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, सापडते. तुमच्याकडे तिला ‘डायरी’ म्हणतात. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले जे आकडे असतात, ते फेरफारांचे क्रमांक होत. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घेऊन मागे मागे जात राहिलात की आजोबांच्या मृत्यूनंतरची वारसाची नोंद हाती लागेल. ती नोंद साधारण दोनपैकी एका पद्धतीची असते. घरात दीर किंवा चुलते असतील आणि वाटणी झालेली नसेल, तर थोरल्या पुरुषाचे नाव लावून पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा मारलेला असतो. वाटणी आधीच झालेली असेल आणि मुले अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेली, असतील, तर मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहून आईचे नाव येते. याचा अर्थ अज्ञान पालक कर्ता. तुमच्या आजोबांच्या वेळी तिन्ही मुलगे अज्ञान होते, तेव्हा हीच शक्यता अधिक दिसते.

आता यातली खोच पाहा. मुलगे सज्ञान झाले की पालकाचे नाव कमी करण्याचा वेगळा फेरफार होतो. तो सरळ, बिनतक्रारीचा फेरफार असल्याने त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण त्या नोंदीने आई मालकीच्या रकान्यातून पूर्णपणे बाहेर पडते, आणि विधवा म्हणून तिचा स्वतःचा जो हक्क होता तो ‘इतर अधिकार’ मध्ये जाऊन बसतो. माझ्या नोकरीत अशा नोंदी शेकड्यांनी पाहिल्या. त्यांत लबाडीपेक्षा सवयीचा भाग मोठा होता: जमीन मुलांच्या नावे ‘लागते’ आणि विधवेची व मुलींची नावे ‘इतर’मध्ये ठेवायची, हे लिहिणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्याला दोघांनाही इतके स्वाभाविक वाटे की त्यावर चर्चाच होत नसे. कायदा काय म्हणतो हा भाग वेगळा.

शोध घेताना गटवारी ध्यानात ठेवा. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९६४ ची नोंद शोधाल, तर ती सापडणार नाही. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढा, ज्याला ९(३), ९(४) चा उतारा म्हणतात. त्यात जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ असतो. जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावरही ठेवलेले आहेत, तिथे आपले गाव आहे का ते आधी पाहावे. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारणाऱ्याला तोंडीच उत्तर मिळते.

नोंद हाती आली की तीन गोष्टी नीट वाचा. वर्दी कोणी दिली, म्हणजे मृत्यूची आणि वारसांची माहिती तलाठ्याकडे कोण घेऊन गेले. मुलींची नावे वारसांत आहेत की गाळली आहेत. आणि खाली सही की ‘नि.डा.हा.अं.’, म्हणजे डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. जुन्या सातबाऱ्यात पीकपाहणीच्या भागात ‘जमीन करणाराचे नाव’ असाही रकाना असे. दुर्दैवाने तिथे बहुधा नुसते ‘खुद्द’ असते, त्यामुळे मोट कोण हाकत होते हे त्यावरून कळणार नाही. विहिरीसाठी किंवा बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी शेतीकर्ज, काढली असेल, तर तिचा बोजा मात्र इतर अधिकारात चढलेला असतो आणि कर्ज कोणाच्या नावे होते तेही कळते. गावच्या विकास सोसायटीची जुनी खतावणी शिल्लक असेल तर तीही पाहा. पुष्कळदा बाईचे नाव जमिनीला नसते, कर्जाला असते.

गेलेल्या तीन मुलांविषयी: गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर ही दप्तरे उघडली गेली आणि अनेक जिल्ह्यांनी त्यांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर टाकल्या. तुमच्या सासरच्या गावचे... माफ करा, आजीच्या सासरच्या गावचे बुक त्यात मिळू शकेल. पन्नासच्या दशकापर्यंतचा काही भाग मोडी लिपीत असण्याची शक्यता आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. मृत्यूच्या नोंदीत कारण असते: देवी, ताप, हगवण, खोकला. नावे कळणार नाहीत, पण ती मुले कोणत्या वर्षी आली आणि कशाने गेली, हे कळेल.

सुगरण_वाचक यांचे उत्तर

जन्मसालाबद्दल लिहिते. तुमच्या आजींनी लग्नाचे वर्ष जवळजवळ सांगूनच टाकले आहे. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. त्याआधीची संक्रांत लग्नानंतरची पहिली होती, म्हणजे लग्न १९४७ च्या लग्नसराईतले, बहुधा चैत्र ते ज्येष्ठ या काळातले. औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, तेव्हा ‘संस्थानातली’ हे नाव पडण्याशीही ते जुळते. न्हाण आले नव्हते म्हणजे वय बारा ते चौदा धरावे. जन्म १९३३ ते १९३५ च्या दरम्यानचा. थोरली आत्या १९६४ मध्ये तेरा-चौदाची होती, म्हणजे तिचा जन्म १९५०-५१ चा. हाही हिशेब बसतो. काकांचे सत्त्याण्णव मात्र बसत नाहीत, कारण मग लग्नात आजी एकोणीस-वीस वर्षांची ठरते, आणि त्या काळी त्या भागात शेतकऱ्याच्या घरी तशी मुलगी कोणी ठेवत नसे.

आधारवरची १ जानेवारी ही तारीख अंदाजी वयावरून पडलेली असते, तिला पुरावा मानू नये. निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे अनुदान सुरू करताना वय थोडे चढवून सांगण्याचीही रीत होती, आणि तेच वय पुढे सगळ्या कागदांवर फिरत राहते. आत्या-काकांच्या शाळेच्या दाखल्यांवरही विसंबू नका. गुरुजींनी १ जून लावून वर्गच्या वर्ग एकाच दिवशी जन्माला घातलेले आहेत.

एक तपासणी मात्र करा. गांधीहत्येची बातमी आली तेव्हा माहेरी पुढे काय घडले, ते त्यांना सावकाश विचारा. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात त्यानंतरच्या दिवसांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मुलगी म्हणून त्यांनी ते पाहिले किंवा ऐकले असेल, तर तो प्रसंग त्यांच्या आठवणीत वयासकट असेल: कोणाच्या अंगणात उभी होते, कडेवर कोणते भावंड होते. भावंडाच्या वयावरून स्वतःचे वय ताडता येते.

आता विचारायचे कसे, याबद्दल. ‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असे म्हटले की आमच्या सासूबाई “काय सांगायचं, कष्ट केलं” म्हणून गप्प होत. पण हुलगे निवडायला घेतले की आपणहून सांगू लागत. म्हणून कामाचे प्रश्न विचारा आणि ते शक्यतो कामाची वस्तू हातात देऊन विचारा. माडगे कशाचे करायचे, भाकरीला पीठ पुरले नाही तर त्यात काय मिसळायचे, बैलांच्या खांद्याला आवाळू आले तर काय लावायचे, पेरणीला पाभर कोणाची मागून आणायची आणि त्या बदल्यात काय द्यावे लागे. या प्रश्नांना त्या तासभर उत्तरे देतील, आणि त्या उत्तरांतून गावातले देणेघेणे, भाऊबंदकी, कोण अडीअडचणीला आले आणि कोण आले नाही, हे सगळे आपोआप बाहेर येईल.

गावात पिठाची गिरणी कधी आली, तेही विचारा. ती येईपर्यंत दळण जात्यावर होते आणि दळताना ओवी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आज पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांतल्या दोन-चार तुमच्या आजींना ऐकवून पाहा. ऐकू कमी येत असले तर कानाशी धरा. आठवले तर त्या आपली स्वतःची म्हणतील, आणि तिच्यात भावाचे, आईचे किंवा गेलेल्या लेकराचे नाव असू शकेल, जे कोतवाल बुकात नाही. माझ्या मते चरित्राचा खरा ऐवज तोच आहे. सातबारा त्यापुढे दुय्यम.

चिंचपोकळीकर यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी फक्त बाहेर गेलेल्या मुलांची बाजू जोडतो, कारण अशा चरित्रांत ती ‘मुले नोकरीला लागली आणि दिवस पालटले’ एवढ्या वाक्यात उरकली जाते.

गिरणीत लागलेला मुलगा महिन्याला मनीऑर्डर करी. तिची पावती, म्हणजे पोस्टमनने वाचून दाखवलेला तो चार ओळींचा मजकूर, अनेक घरांत जुन्या ट्रंकेत सापडतो. माझ्या आजीकडे तशा पावत्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता, आणि त्यावरून बियाणे कोणत्या वर्षी विकत आणले, विहिरीवर इंजिन कधी बसले, हे सगळे आम्हाला लावता आले. तुमच्या आजींच्या ट्रंकेत पाहा. दुसरे, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पैशाचा ओघ उलटा फिरला. हजारो घरांत गावाकडून धान्याची पोती मुंबईला जाऊ लागली आणि पुष्कळ लोक बायकामुलांसह गावी परतले. तुमचे थोरले काका तेव्हा परतले का? परतले असतील तर अकरा एकरांत आणखी किती तोंडे वाढली, आणि जमिनीच्या वाटणीचा विषय त्याच सुमारास निघाला का, हे तपासून पाहा. आमच्याकडे तो तेव्हाच निघाला.

माणगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सुगरण_वाचक यांचा हिशेब मी काकांना ऐकवला, त्यांना तो पटला नाही. पण आजीला विचारले तर तिने शेजारच्या गावातला वाडा जळताना दिसलेला धूर, आणि त्या वेळी कडेवर असलेला धाकटा भाऊ ‘नुकता चालायला लागलेला’, असे दोन्ही सांगितले. तो भाऊ हयात आहे आणि त्याच्या नोकरीच्या कागदांवर १९४६ हे साल आहे. ते अंदाजी असले तरी एक-दोन वर्षांपेक्षा जास्त चुकीचे नसावे. भावाला कडेवर घेऊन फिरणारी ती तेरा वर्षांची असेल, हे मला आता पटते. चरित्रात मी ‘१९३४ च्या सुमारास’ असे लिहिणार आहे.

चिंचपोकळीकर, काका १९८३ मध्ये परतले. वाटणी तुम्ही म्हणता तशी त्याच सुमारास झाली आणि आत्यांच्या हक्कसोडीचा कागदही त्यानंतर लगेचचा आहे. मला याचा संबंध आतापर्यंत लागला नव्हता. धाकट्या आत्याशी बोलले. ती म्हणाली, “भावाची गिरणी बंद पडल्याली, त्याच्या पोरांच्या ताटातलं मी कसं घेऊ?” पुढे थांबून तिने असेही सांगितले की कागदावर काय लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखवले नव्हते. ही दोन्ही वाक्ये एकाच बाईची आहेत आणि मला दोन्ही लिहायची आहेत. घरातले म्हणतात, पहिले लिही, दुसरे कशाला?

तिसरी पाती यांचे उत्तर

दोन्ही लिहा, आणि शेजारी शेजारी लिहा. पहिलेच लिहिले तर आत्या उदार ठरते, दुसरेच लिहिले तर भाऊ लबाड ठरतात. आणि तुमच्या सांगण्यावरून दोन्ही तसे नव्हते. हक्कसोडीच्या कागदाची तारीख, संपाची तारीख आणि आत्याची दोन वाक्ये एवढे सलग मांडले की वाचणाऱ्याला आणखी काही सांगावे लागणार नाही. मात्र छापण्याआधी तो भाग आत्यांना वाचून दाखवा. एकदा न वाचता अंगठा झालेला आहे, तेच पुन्हा होऊ नये.

जुने दप्तर यांच्या उत्तराशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. विधवेला ‘इतर अधिकार’मध्ये टाकण्याची ती सवय होती, हे खरे, पण ‘कायदा काय म्हणतो हा भाग वेगळा’ असे म्हणून तो सोडून देता येणार नाही, कारण तुमच्या आजोबांचा मृत्यू १९६४ चा, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू झाल्यानंतरचा आहे. त्या कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस झालेली होती. किती वाटा, हे समजायला तुमच्याच जिल्ह्यातला एक खटला आहे. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला आणि ७/२४ हिस्सा मागितला. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. हिशेब असा: मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे समजायचे, तर नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव हिस्सा येतो, मग नवऱ्याचा तो पाव हिस्सा सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकाला १/२४. बायकोचा स्वतःचा पाव आणि हा चोविसावा मिळून ७/२४. मुली राहिल्या १/२४ वर.

तुमच्या घरात तीन मुलगे आणि दोन मुली. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्याच रीतीने आजींचा पाचवा हिस्सा, अधिक आजोबांच्या पाचव्या हिश्शाचा सहावा भाग, म्हणजे एकूण ७/३०. अकरा एकरांतले अडीच एकरांहून थोडे अधिक. मी दावा लावा असे सुचवत नाही, गैरसमज नसावा. पण ‘आजीच्या नावे काही नव्हते’ असे वाक्य चरित्रात लिहू नका. होते, नोंदवले गेले नाही. आणि आत्यांचा वाटा तेव्हाच्या कायद्याने किती छोटा होता, हेही लिहा: प्रत्येकीला तिसावा भाग, म्हणजे जेमतेम पंधरा गुंठे. मुलींना जन्मतः मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तोही तेव्हा लग्न न झालेल्यांना. देशभर तो सर्व मुलींना २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. एवढ्याशा तुकड्यासाठी माहेर तोडायचे का, असा हिशेब त्या काळच्या अनेक बहिणींनी केला, तो अडाणीपणा नव्हता. भाऊबीजेला, बाळंतपणाला, नवऱ्याने घराबाहेर काढले तर, जायला एक दार उघडे असावे, याची किंमत त्यांना पंधरा गुंठ्यांपेक्षा जास्त वाटली.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९८६ मध्ये चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करायला लावले. शासनानेही १९९२ मध्ये परिपत्रक काढून नवऱ्याला आपल्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्याला लावण्याची सोय केली. तुमच्या आईचे नाव आज सातबाऱ्यावर आहे का? हा प्रश्न आगाऊ वाटला तर सोडून द्या, पण चरित्र पाच घरांत जाणार आहे म्हणून विचारले.

माणगंगाकाठ

प्रश्न आगाऊ नाही. आईचे नाव नाही. वडिलांना विचारले, तर ‘सुगी होऊ दे, जाऊ तलाठ्याकडे’ असे म्हणाले. ते होते का पाहू.

१९६४ ची नोंद मिळाली. जुन्या नंबरांचा मेळ लावल्यावर ती अभिलेख कक्षातल्या नोंदवहीत निघाली. वर्दी दिराने किंवा पोलीस पाटलांनी दिली असेल असे मी धरून चालले होते. ती आजीने स्वतः दिली आहे. तिन्ही मुलग्यांची नावे, प्रत्येकापुढे ‘अ.पा.क. आई’, त्याखाली विधवा म्हणून तिचे स्वतःचे नाव आणि दोन्ही मुलींचीही नावे. खाली नि.डा.हा.अं. आजीला दाखवले तेव्हा ती म्हणाली की तलाठ्याने ‘मुली कशाला सांगतेस’ असे विचारले होते, आणि तिने ‘त्यांचा बाप मेला न्हाई का?’ असे उत्तर दिले होते. हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. तिन्ही गेलेल्या मुलांबद्दल अजून ती बोललेली नाही. कोतवाल बुकात १९५३ आणि १९५७ च्या दोन नोंदी आमच्या घराच्या वाटतात, तिसरी सापडत नाही.

जुने दप्तर यांना एक विचारायचे आहे. या नोंदीवर मुलींची आणि विधवेची नावे वेगळ्या शाईने कंसात घेतलेली आहेत आणि समासात ‘इ.ह. सदरी’, म्हणजे इतर हक्काच्या रकान्यात, असे लिहून तारीख व आद्याक्षरी आहे. ती तारीख मूळ नोंदीच्या सात महिन्यांनंतरची आहे. नोंद प्रमाणित करताना मंडल अधिकाऱ्याने हा बदल केला असे समजावे, की त्यासाठी वेगळा आदेश असायला हवा? असायला हवा असेल, तर तो कोणत्या दप्तरात मागावा?